विषय: गिअरची मूठ बदलणेबाबत

आमच्या घरात काही बिघडलं की कोणी बिघडवलं याची चौकशी होत नाही. सगळे सरळ माझ्याकडे बघतात. गिअरच्या मुठीच्या प्रकरणातही तेच झालं, म्हणून एकदा सगळं क्रमाने सांगून टाकतो. ऐकल्यावर तुम्हीच म्हणाल, माणूस बरोबर होता. निदान सुरुवातीला तरी.

तर आमची मुलगी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास झाली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेणाऱ्या एका संस्थेत तिला नोकरी लागली होती, पण अट अशी की एक तारखेच्या आत लायसन दाखवायचं. नाही दाखवलं तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला फोन जाणार. पुढचा उमेदवार कोण हेही तिला माहीत होतं. कॉलेजात तिच्याच बाकावर बसणारी मुलगी, जिच्याकडे लायसन तर सोडाच, स्वतःची गाडीसुद्धा होती. परीक्षेची दुसरी तारीख मिळाली ती एक तारखेच्या आदल्याच दिवसाची, गुरुवारची. तो गुरुवार हुकला की नोकरी गेली, इतकं सरळ.

नापास का झाली, याचा मी बारकाईने तपास केला. सिग्नल सुटल्यावर तिने पहिल्याऐवजी तिसरा गिअर टाकला. गाडीने दोन आचके दिले आणि ती चौकाच्या मधोमध बसली. आता तिसरा का टाकला? कारण ती खाली मुठीकडे बघत होती आणि मुठीवर आकडेच नव्हते. अकरा वर्षं माझा तळहात त्या मुठीवरून फिरला होता. एकापासून पाचापर्यंत सगळे आकडे पुसून ती चकचकीत गोटी झाली होती. म्हणजे दोष मुलीचा नाही. दोष मुठीचा.

"दोष मुठीचा नाही," बायको म्हणाली. "शेजारी बसून 'अगं पहिला, पहिला टाक' म्हणून ओरडणाऱ्याचा आहे."

"परीक्षेच्या वेळी मी गाडीत नव्हतोच!"

"तेच तर. तुम्ही ओरडल्याशिवाय गिअर टाकायची सवयच राहिली नाही तिला."

यावर माझ्याकडे चोख उत्तर होतं, पण काही माणसांना पुरावाच दाखवावा लागतो. मी ठरवलं, नवी मूठ बसवायची. ठळक आकड्यांची. मग बघू कोणाचा दोष ते.

दुसरा कोणी असता तर दुकानात जाऊन मूठ आणून बसवून मोकळा झाला असता. पण मी पाणीपुरवठा कार्यालयात सव्वीस वर्षं आवक-जावक टेबल सांभाळतो. मोघम काम मला जमत नाही. परीक्षेच्या फॉर्मवर आमच्या गाडीचा नंबर पडलेला. उद्या कोणी म्हटलं, गाडीत बदल केलाय, परवानगी कुठाय? म्हणून मी परवाना कार्यालयाला रीतसर अर्ज लिहिला. 'विषय: गिअरची मूठ बदलण्यास परवानगीची आवश्यकता आहे किंवा कसे, याबाबत.' शनिवारी खिडकीवर दिला, शिक्का मारून पोच घेतली. उत्तर 'आवश्यकता नाही' असंच येणार याची मला इतकी खात्री होती की उत्तराची वाट न बघता मी तिथूनच सुट्या भागांच्या दुकानात गेलो.

"नॉब हवाय? आटे कितीचे?" दुकानदाराने विचारलं.

गिअरच्या दांड्याला आटे असतात आणि त्यांचीही मापं असतात, हे मला त्या क्षणी कळलं. पण दुकानदाराला ते कळू द्यायची गरज नव्हती. "नेहमीचेच," मी म्हटलं.

"मग हा घ्या. सगळ्या गाड्यांना बसतो."

अनुभवाने सांगतो, सगळ्यांना बसणारी वस्तू आपल्याला बसत नाही. टोपीपासून जावयापर्यंत हा नियम आहे. पण मूठ दिसायला भारदस्त होती, काळीभोर, वर पांढरेशुभ्र आकडे. घरी आल्यावर मुलीने ते मोजले आणि म्हणाली, "बाबा, यावर सहा गिअर आहेत. आपल्या गाडीला पाच आहेत."

"एक जास्त असलेला बरा," मी म्हटलं.

रविवारी सकाळी गाडीची चारही दारं उघडून मी कामाला बसलो. गाडी नेहमीप्रमाणे आमच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे तोंड करून लावलेली. दारं उघडी दिसताच शेजारचे फोरमन चहाचा कप हातात घेऊनच खाली आले. कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली, पण कारखाना अजून त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. कुठे नळ गळला, खिळा वाकला की ते हजर.

"खालून हातोडी मारा," ते म्हणाले. "लाकडाचा ठोकळा लावून. एकच घाव."

तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई रविवारी झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी पाइप बंद केला आणि म्हणाल्या, "मारू नका हो. आणि ओढूही नका. नुसतं हलवायचं. पुढे-मागे, पुढे-मागे. हळूहळू मूळ सुटतं. घाईने ओढलं की तुटतं."

आता मला सांगा, गाडीच्या बाबतीत फोरमनचं ऐकायचं की दातांच्या डॉक्टरचं? मी दोघांचा मान राखला. आधी हलवली, मग ठोकली, आणि शेवटी दोन्ही हातांनी धरून जीव खाऊन ओढली.

मूठ निघाली. निघताना तिने पूर्वसूचना दिली नाही. माझे दोन्ही हात मुठीसकट वर गेले आणि आरशावर आदळले. आरसा निखळून मांडीत पडला. मूठ दोन तुकड्यांत हातात राहिली, आणि तिच्याखालून एक स्प्रिंग उडून फोरमनच्या चहात गेली. डॉक्टरीणबाईंनी पाइप पुन्हा सुरू केला.

"निघाली की नाही?" मी म्हटलं. माझा अंगठा सुजायला लागला होता.

आरसा परत चिकटवला आणि नवी मूठ फिरवत फिरवत बसवली. बसली! पण पूर्ण आवळल्यावर तिचं तोंड शेजारच्या दाराकडे झालं. आकडे वाचायला ड्रायव्हरला शेजाऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवावं लागलं असतं. फोरमन म्हणाले, "पाव आटा सैल सोडा." सोडला. आकडे सरळ झाले. मी विजयी मुद्रेने गाडी सुरू केली, मागे घ्यायला रिव्हर्स टाकला, आणि रिव्हर्स पडेना.

आमच्या गाडीत रिव्हर्स टाकायचा तर मुठीखालची एक कडी बोटांनी वर उचलावी लागते. नवी मूठ इतकी खाली बसली होती की कडीला वर यायला जागाच उरली नव्हती. थोडक्यात, गाडी फक्त पुढे जाऊ शकत होती आणि पुढे भिंत होती.

सोमवारी सकाळी सहा जणांनी ढकलून ती बाहेर काढली. त्यातले दोघे दवाखान्यात दात काढायला आलेले होते. मी बाहेरून शांतपणे सूचना देत होतो.

आता इथे एखादा खचला असता. मी त्याच गाडीने ऑफिसला गेलो. रिव्हर्सशिवायही माणसाला जगता येतं, फक्त आधी विचार करून वळावं लागतं. सगळं सुरळीत चाललं होतं, पण ऑफिसच्या फाटकात आमच्या साहेबांची गाडी समोरासमोर आली. साहेबांनी हाताने खूण केली, मागे घ्या. मी हाताने खूण केली, जात नाही. त्यांनी हॉर्न वाजवला. मी खिडकीतून खुलासा करायला गेलो, त्या गडबडीत सैल सोडलेली मूठ निघून माझ्या हातात आली, आणि मी ती त्यांना दाखवली. साहेब काय समजले देव जाणे, पण त्यांनी मुकाट गाडी मागे घेतली. सव्वीस वर्षांत साहेब माझ्यासाठी पहिल्यांदाच मागे सरकले.

मंगळवारी परवाना कार्यालयातून बोलावणं आलं. खिडकीवरचा कारकून माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर. माझा अर्ज त्याच्यासमोर, नव्याकोऱ्या फाइलीत.

"हे तुम्ही का विचारलंत?" तो खरोखर दुःखी आवाजात म्हणाला.

"माहिती असावी म्हणून."

"मुठीबद्दल आजवर कोणी विचारलेलं नाही. आमच्या नियमांत मूठ हा शब्दच नाही."

"मग झालं! नाही लागत परवानगी, म्हणून टाका."

"तोंडी विचारलं असतंत तर म्हटलंही असतं. तुम्ही लेखी विचारलंत." त्याने फाइलीवर बोट आपटलं. "आता तुमच्या गाडीवर बदलाचं प्रकरण प्रलंबित आहे. वरून निर्णय यायला तीन आठवडे. तोवर गाडी मूळ स्थितीत हवी. गुरुवारी परीक्षेला आणाल तेव्हा फाइल बघूनच आत सोडतील."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. कारण हेच वाक्य मी माझ्या खिडकीतून सव्वीस वर्षं लोकांना ऐकवत आलोय. 'तुम्ही विचारलंत, म्हणून आता उत्तर द्यावं लागणार.' पलीकडून ते इतकं वाईट ऐकू येतं, याची मला कल्पना नव्हती.

मूळ स्थिती म्हणजे जुनी मूठ, आणि ती तर दोन तुकड्यांत. संध्याकाळी फोरमन म्हणाले, "घाबरू नका, दांड्यावर नवे आटे पाडतो. मग दुसरी कुठलीही जुनी मूठ बसेल." त्यांनी अवजारांची पेटी आणली आणि मोठ्या भक्तिभावाने अर्धा तास दांडा कातला. मग फुंकर मारली, बोट फिरवलं, आणि कपाळाला आठी पडली.

"काय झालं?"

"आटे गेले," ते म्हणाले. "जुनेही आणि नवेही."

आता गाडीत मुठीच्या जागी एक गुळगुळीत लोखंडी दांडा उरला. पुढे होऊन मी मुलीला म्हणणार होतो, काळजी करू नकोस, मी आहे ना. पण ती गाडीत जाऊन बसली होती. तिने दांड्यावर हात ठेवला, तो तेलकट लागला तसा काढून घेतला, आणि म्हणाली, "बाबा, मला ही नोकरी हवी होती रे."

ओरडली असती तर बरं झालं असतं. 'हवी आहे' नाही म्हणाली, 'हवी होती' म्हणाली. मी खिशातला रुमाल काढून तिला हात पुसायला दिला.

बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर डॉक्टरीणबाई पार्किंगमध्ये उभ्या. हातात मळलेल्या कणकेसारखा एक गोळा. शेजारी फोरमन, मान खाली घालून कडीला तारेचा तुकडा आणि स्प्रिंग बसवत होते.

"चहात सापडली होती ना," ते पुटपुटले. "धुऊन ठेवली होती."

"तुम्हाला मूठच हवीय ना?" डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "दांड्यावर घट्ट बसेल, हलणार नाही, रोज वापरता येईल, अशी? मी दिवसभर दुसरं काय करते? कवळ्याच तर करते." मग मुलीला म्हणाल्या, "ये गं. हा गोळा दांड्यावर लावते, तू गिअर धरतेस तसा धर. घट्ट. खाली बघू नकोस. समोर बघ. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

मुलीने धरला. मी म्हणालो, "थोडा वरून धर—" आणि तीन बायका एकदम माझ्याकडे वळल्या. बायको कधी खाली आली होती कळलंच नाही. मी दोन्ही हात खिशात घातले.

त्या गोळ्याचा साचा काढून बाईंनी त्यात कवळीचा मसाला ओतला. तासाभरात मूठ तयार. दांड्यावर अशी बसली की फोरमन लोंबकळले असते तरी निघाली नसती. खालची कडी उचलत होती, रिव्हर्स पडत होता. मुलीच्या चार बोटांचे चार खड्डे, अंगठ्याला वेगळी जागा. फक्त दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, तिच्यावर एकही आकडा नव्हता. दोन, तिचा रंग हिरड्यांसारखा गुलाबी होता.

"दुसरा रंग नाही का?" मी विचारलं.

"दातांचा आहे. पांढरा. लावू?"

मी गुलाबीला संमती दिली.

गुरुवारी परवाना कार्यालयाच्या मैदानात रांगेत चौथी गाडी आमची. परीक्षक उंच, हातात पाटी, चेहऱ्यावर दिवसभराची धूळ. त्याने आत डोकावलं.

"हे काय?"

"मूठ," मी म्हणालो.

"गुलाबी?" त्याने पाटीवरचा कागद उलटला. "या गाडीवर बदलाचं प्रकरण प्रलंबित आहे. मूळ स्थितीत नाही. बाजूला घ्या. पुढची गाडी!"

मुलीने स्टिअरिंगवरचे हात मांडीवर ठेवले. मी घड्याळात बघितलं. खिडकी बंद व्हायला पंचवीस मिनिटं होती. आणि त्या क्षणी, सांगताना ऊर भरून येतो, सव्वीस वर्षं कामाला आली. प्रकरण प्रलंबित आहे, कारण अर्ज आहे. अर्जच मागे घेतला तर प्रकरण कसलं?

"दहा मिनिटं थांबा साहेब," मी परीक्षकाला म्हटलं. "आणखी दोन गाड्या घ्या तोवर."

मी धावत खिडकीवर गेलो. कारकुनाने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"अर्ज मागे घ्यायचाय," मी म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला! त्याने लगेच कोरा कागद दिला. मी उभ्या उभ्या लिहायला लागलो. संदर्भ, दिनांक, आवक क्रमांक, सगळं तोंडपाठ. तो कौतुकाने बघत होता. मग त्याने कागदाच्या मधल्या भागावर हळूच बोट ठेवलं.

"कारण लिहावं लागेल."

ते मलाही माहीत होतं. आणि कारण एकच चालतं, हेही माहीत होतं. मी स्वतः शेकडो लोकांकडून ते लिहून घेतलंय. कित्येक जण ते लिहिताना घुटमळायचे, आणि मला वाटायचं, लिहा ना पटकन, त्यात काय एवढं! आता माझंच पेन अडलं. बाहेर एक गाडी फिरून आली, दुसरी निघाली. मी लिहिलं: 'सदर बाब केवळ अर्जदाराच्या गैरसमजातून उद्भवली असून त्यास अन्य कोणीही जबाबदार नाही.' खाली पूर्ण सही केली. बायकोला हा कागद दिसला असता तर तिने चौकट करून भिंतीवर लावला असता.

कारकुनाने धाडकन शिक्का मारला आणि फाइलीवर लिहिलं, 'निकाली.' मग तो चक्क खुर्चीतून उठला. "अक्षर छान आहे तुमचं," म्हणाला.

परीक्षकाने शिक्का वाचला. "आता मूठ गुलाबी असो नाहीतर हिरवी, आमचं काही म्हणणं नाही. चला मॅडम."

मला मैदानाच्या कठड्यापलीकडे उभं राहावं लागलं. गाडी निघाली. सिग्नलला थांबली, सुटली. चढावर थांबली, एक बोटही मागे न सरकता चढली. दोन खांबांच्या मधे उलटी आत गेली. मी इतक्या लांबून 'पहिला, पहिला' म्हणत होतो की कठड्यावर टेकलेला एक गृहस्थ दूर जाऊन उभा राहिला. ती एकदाही खाली बघत नव्हती. बघण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

पास झाली. परीक्षकाने उतरताना विचारलं म्हणे, "मूठ कुठून घेतलीत?" तिने दवाखान्याचा पत्ता दिला.

लायसनचा कागद हातात पडला तेव्हा साडेतीन वाजले होते. पाचच्या आत तो संस्थेच्या कार्यालयात पोचवायचा होता, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. "चल, मी नेतो पटकन," म्हणत मी सवयीने ड्रायव्हरच्या जागेवर बसलो आणि मुठीवर हात ठेवला. हात बसेना. माझी बोटं जाडी, खड्डे बारीक. वरून धरून पाहिली, बाजूने धरून पाहिली. अकरा वर्षं चालवलेली गाडी, आणि मला तिच्यात हात ठेवायला जागा नव्हती. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि त्याच दमात इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, उतर रे," ती दाराशी उभी राहून म्हणाली. "मी जाते. तुला घरीच जायचंय ना? बस मिळेल."

मी उतरलो. तिने सीट पुढे ओढली, आरसा स्वतःच्या उंचीला लावला, पट्टा लावला आणि गेली. हातही केला नाही. घाईत होती.

बस लगेच मिळाली. गर्दी होती, उभाच होतो. मोठ्या चौकात बस सिग्नलला थांबली आणि खिडकीतून खाली बघतो तर शेजारच्या रांगेत आमचीच गाडी. वरून सगळं दिसत होतं, तिचा हात, हाताखालचा थोडासा गुलाबी रंग. मी काचेवर टकटक केली. जोरात केली. तिने वर पाहिलं नाही. तिची नजर समोर रस्त्यावर होती.

"ती माझी मुलगी," मी शेजारच्या माणसाला म्हटलं.

तो वाकून बघायला लागला. "कुठली?"

तोवर सिग्नल सुटला होता.

"ती काय," मी म्हटलं, "पुढे गेली ती."